स्त्रियांनी न्यायासाठी रस्त्यावर यावे काय?

आपल्या शाळेच्या वादविवाद मंडळात ह्या वर्षी जो शेवटचा वाद झाला, त्याचा विषय 'स्त्रियांनी आपल्या हक्कांसाठी मोर्चे व निदर्शने करणे इष्ट आहे' हा होता. परीक्षकाचे काम मजकडे होते. अनुकूल बाजूच्या वक्त्यांनी आवेश पुष्कळ दाखविला. परंतु दाखले थोडे दिले. प्रतिकूल बाजूने मात्र आपले म्हणणे नीट मांडले. देशात न्यायालये आहेत, विधिमंडळे आहेत, अर्ज करण्यास कचेऱ्या आहेत. रस्त्यावर उभे राहून घोषणा केल्याने विचार होत नाही, केवळ गर्दी होते. आणि गर्दीस एकदा न्याय मागण्याची सवय लागली म्हणजे ती न्याय देण्यासही धजावते, असा त्यांच्या मुद्द्यांचा रोख होता. नियमाप्रमाणे गुण मुद्द्यांस द्यावयाचे असतात, म्हणून मी निर्णय प्रतिकूल बाजूस दिला. तो निर्णय मी आजही बदलणार नाही.

पण सभा संपल्यावर, खुर्च्या आवरल्या जात असता, नववीतील एक मुलगी मजजवळ आली. तिचे गाव वैनगंगेपलीकडचे. ती वादात बोलली नव्हती. तिने विचारले, "बाई, ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, तोच तक्रार लिहून घेणारा असेल, तर अर्ज कोणाकडे द्यायचा?" मी तिला म्हटले की, उद्या सांगते. उद्या सांगणे झाले नाही. कारण उत्तर मजजवळ तयार नव्हते. प्रस्तुत लेख हे ते लांबलेले उत्तर होय. त्याकरिता दूरच्या देशांत जाण्याचे कारण पडले नाही. आपल्या चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांत, जे 1982 पर्यंत एकच होते, ह्या प्रश्नाचा कस लागावा अशा घटना घडून गेल्या आहेत.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोर्चा व अर्ज ह्या परस्परविरुद्ध वस्तू आहेत असे आमच्या वक्त्यांनी दोन्ही बाजूंनी गृहीत धरले होते. वस्तुतः तसे नाही. अर्ज एकाच्या कानी घातला जातो. तोच अर्ज सर्वांच्या देखत वाचला म्हणजे त्यास निदर्शनाचे रूप येते. पवित्र शास्त्रातील गणना ह्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुलींची हकीकत आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा ही त्यांची नावे. बाप पुत्रावाचून मेला, तेव्हा त्याच्या वतनाचा भाग भाऊबंदांकडे जाणार, मुलींस काहीच नाही, हा तत्कालीन रिवाज. ह्या मुली मोशेकडे गुपचूप विनवणी करू शकल्या असत्या. तसे न करता त्या दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक, सरदार व सर्व मंडळी ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि आपल्या बापाचे नाव कुळातून का नाहीसे व्हावे, असा प्रश्न त्यांनी केला. मोशेने तो प्रश्न परमेश्वरापुढे ठेविला. मुलींचे म्हणणे रास्त ठरले. आणि जो नियम झाला तो त्या पाचजणींपुरता न राहता सर्व इस्राएलाकरिता झाला. आमच्या रविवारच्या वर्गात हा अध्याय सहसा शिकविला जात नाही, ह्याचे मला नेहमी नवल वाटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पहिला दाखला सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. 16 ऑगस्ट 1942 रोजी चिमूर येथे उठाव झाला. मागाहून तेथे लष्कर व पोलीस आले, आणि गावातील स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. सरकार चौकशी करीना. वृत्तपत्रांस ती हकीकत छापण्याचीही बंदी होती. तेव्हा सेवाग्राम आश्रमाचे प्राध्यापक भन्साळी ह्यांनी उपोषण आरंभिले, ते जानेवारी 1943 पर्यंत 63 दिवस चालले. चिमूरच्या स्त्रियांची दाद हिंदुस्थानभर ऐकू गेली ती ह्या एका माणसाच्या उपवासामुळे. ह्या घटनेत मला आदराबरोबर एक खंतही वाटते. दुःख स्त्रियांचे, आणि ते बोलून दाखविण्यास एका पुरुषास आपले शरीर झिजवावे लागले. त्या स्त्रिया स्वतः बोलल्या असत्या, तर त्या काळी त्यांचे ऐकले कोणी असते?

तीस वर्षांनी ह्याच जिल्ह्यात तोच प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. देसाईगंज, ज्यास आपण वडसा म्हणतो, हे वैनगंगेकाठचे रेल्वेचे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे; त्या वेळी ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. 26 मार्च 1972 च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी आपल्या भावाबरोबर व इतर दोघांबरोबर आली होती. मायबाप लहानपणीच वारलेले. मोलमजुरी करून ती पोट भरीत असे. वय डॉक्टरांच्या अंदाजाने चौदा ते सोळा. तिला पळवून नेल्याची फिर्याद भावानेच केली होती, व त्या संबंधाने सर्वांचे जबाब घेण्यात आले. रात्री साडेदहाच्या सुमारास जबाब संपले व मंडळी घरी निघाली, तेव्हा ठाण्यावरील शिपायाने मुलीस मागे थांबविले व बाकीच्यांस बाहेर जाण्यास सांगितले. पुढे जे घडले ते शाळेच्या मासिकात विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन नाही. तिने बाहेर येऊन सांगितले की, शिपायाने आपणावर बलात्कार केला व हवालदाराने अंगास हात घातला. त्या मुलीचे नाव कायद्याच्या पुस्तकांतून सर्वत्र छापलेले आहे. ते मी येथे लिहीत नाही, त्याचे कारण पुढे येईल.

ह्या रात्रीतील एक प्रसंग निकालपत्रात दोन-तीन वाक्यांत उरकलेला आहे. परंतु आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथेच सापडले. ठाण्याचे दिवे मालवलेले, दारे लावलेली, आणि बाहेर सोबतची माणसे खोळंबलेली. हळूहळू लोक जमू लागले. सोबतच्या बाईने मुलीस डॉक्टरकडे नेले, तेव्हा डॉक्टरांनी सल्ला दिला की, पोलिसांत फिर्याद द्या. सल्ला कायद्यास धरून होता. पण फिर्याद द्यावयाची ती त्याच ठाण्यात! घरी गेलेल्या दुसऱ्या एका हवालदारास बोलावून आणण्यात आले. तो येऊन पाहतो तो जमाव खवळलेला. शिपायास मारू, ठाणे जाळू, अशी भाषा चाललेली. त्याने लोकांची समजूत घालून त्यांस पांगविले आणि त्यानंतर मुलीचा जबाब घेऊन गुन्हा नोंदविला.

'त्यानंतर' ह्या शब्दावर मी पुष्कळ वेळ थांबले. देसाईगंजचे ते लोक जमले नसते, तर फिर्याद त्या रात्री नोंदली गेली असती काय? मला तसे वाटत नाही. मोर्चाची परवानगी नाही, फलक नाहीत, पुढारी नाही, अशी ती निदर्शने होती. ह्या प्रकरणाचे इतिहास 1980 सालच्या शहरांतील मोर्चांपासून आरंभ करतात. मला तो आरंभ आठ वर्षे आधी, एका अंधाऱ्या ठाण्याच्या दारात दिसतो. त्याबरोबरच हेही सांगितले पाहिजे की, त्याच जमावाच्या तोंडी जाळपोळीची भाषा होती. हवालदार समंजस नसता, तर दुसऱ्या दिवशी चर्चा त्या मुलीची न होता जळलेल्या ठाण्याची झाली असती, आणि खटले भरले गेले असते ते त्या जमावावर. आमच्या प्रतिकूल बाजूच्या वक्त्यांचे भय निराधार नाही. जमावाने दार उघडून दिले, आणि त्याच जमावाच्या हातून ते दार कायमचे बंदही होऊ शकले असते.

पुढचा मार्ग न्यायालयाचा. 1 जून 1974 रोजी चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी दोघांस निर्दोष सोडले. मुलीच्या चारित्र्यावर ताशेरे ओढले, व तिची संमती असली पाहिजे असे मत दिले. 12 ऑक्टोबर 1976 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरविला. भयाने निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, आणि रात्रीच्या वेळी ठाण्यात अनोळखी पोलिसांस ही मुलगी आपण होऊन वश झाली असे मानणे अशक्य आहे, असे सांगून एकास पाच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची सजा दिली. परंतु 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांसही सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, सोबतची माणसे जवळ असता तिने ओरडा केला नाही, तेव्हा तिने प्रतिकार केल्याची हकीकत खोटी ठरते, असे कारण देण्यात आले.

भय व संमती ह्यांतील भेद व्याकरणातील सूक्ष्म भेदासारखा नाही. तो आपल्या घरांतून रोज दिसतो. मुलगी गप्प बसली म्हणजे तिला लग्न पसंत आहे, असे आपण समजतोच की नाही?

निकाल लागल्यावर एक वर्ष कोणी काही बोलले नाही. नंतर सप्टेंबर 1979 मध्ये कायदा शिकविणाऱ्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांच्या नावे एक उघडे पत्र लिहिले. उपेन्द्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार हे ते चौघे. सरन्यायाधीश त्या वेळी यशवंतराव चंद्रचूड होते. आपण शिक्षक मंडळी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे तपासतो; शिक्षकांनी लिहिलेल्या पत्राने देश हलल्याचे उदाहरण विरळाच, म्हणून हे पत्र आमच्या व्यवसायास भूषणावह आहे असे मला वाटते. त्यात न्यायाधीशांस दूषणे दिलेली नव्हती. प्रश्न विचारलेले होते. वस्तीतील एक अनाथ मुलगी, ठाण्यात, रात्री, पोलिसांच्या तावडीत असता, तिने ओरडावे अशी अपेक्षा करणे वाजवी आहे काय? संमती आणि शरणागती ह्यांत कायदा भेद करतो, तो येथे का केला नाही? खटल्याची मोठ्या पीठापुढे पुन्हा सुनावणी व्हावी, ही त्यांची मागणी होती.

हे पत्र वृत्तपत्रांतून फिरले, आणि त्यानंतर मोर्चे निघाले. मुंबईत बलात्काराच्या विरोधात स्त्रियांचा एक मंच स्थापन झाला. 8 मार्च 1980 रोजी, जागतिक महिला दिनी, मुंबई, दिल्ली, नागपूर आदी शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. जो शब्द घरात उच्चारण्याची चोरी, तो शब्द त्यांच्या फलकांवर होता. अनेक सभ्य गृहस्थांस व गृहिणींसही तो प्रकार रुचला नाही. आमच्या वक्त्यांनी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा जो मुद्दा मांडला, तोच तेव्हाही मांडला गेला. ह्या मुद्द्यास मी फार किंमत देत नाही. अब्रूच्या भयाने गप्प राहण्याचा सर्वांत मोठा लाभ कोणास होतो, हे पाहिले म्हणजे पुरे.

परंतु दुसरा आक्षेप मोठा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. न्यायाधीशांनी पुरावा पाहून निकाल दिला. तो लोकांस पसंत पडला नाही म्हणून रस्त्यावर ओरड झाली, आणि न्यायालय त्या ओरडीस वश झाले, तर उद्या दुसरा एखादा जमाव निरपराध माणसास फाशी द्या म्हणून येईल. ख्रिस्ती माणसास तरी हे निराळे सांगावयास नको. पिलाताच्या दारातील जमावाची ओरड आपण दरवर्षी पवित्र सप्ताहात वाचतो. मग 1980 सालच्या मोर्चांचे समर्थन कसे करावे?

ह्याचे उत्तर पुढील घटनांत आहे. फेरविचाराचा प्रयत्न झाला, पण सर्वोच्च न्यायालयाने निकाल बदलला नाही. दोघे सुटले ते सुटलेच. जमाव न्यायालयास नमवू शकला नाही. आणि कटू वाटले तरी मी म्हणेन की, तसेच असावयास हवे. परंतु न्यायाधीशांनी ज्या कायद्याच्या आधारे निकाल दिला, तो कायदा कोणाचा? तो संसदेचा, म्हणजे आपणा सर्वांचा. तो बदलण्याची मागणी जमावाने करण्यास कोणताच प्रत्यवाय नाही. विधि आयोगाने त्याच वर्षी, 1980 मध्ये, ह्या विषयावर आपला चौऱ्याऐंशीवा अहवाल दिला. संसदेत विधेयक आले, ते समितीकडे गेले, रेंगाळले, आणि 1983 मध्ये कायदा झाला. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंगाचे अधिकारी ह्यांनी ताब्यातील स्त्रीवर केलेला बलात्कार हा निराळा व अधिक कठोर शिक्षेचा, किमान दहा वर्षांच्या कैदेचा, गुन्हा ठरला. अशा खटल्यात समागम सिद्ध झाला व स्त्रीने आपली संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असा नियम झाला. सुनावणी बंद दाराआड व्हावी आणि पीडित स्त्रीचे नाव छापू नये, हेही तेव्हाच ठरले. वर मी नाव लिहिले नाही ते ह्यासाठी. तिच्या खटल्यानंतर झालेल्या नियमाने तिचे झाकले गेले नाही. आपण तरी ते झाकावे.

ह्या कायद्यात त्रुटी होत्या. पीडित स्त्रीच्या पूर्वचारित्र्यावर उलटतपासणीत चिखल उडविण्याची जी मुभा पुराव्याच्या कायद्यात होती, ती काढून टाकण्यास आणखी वीस वर्षे लागली. सलाफहादाच्या मुलींचेही असेच झाले होते. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात त्यांच्या वंशातील वडील मंडळी मोशेकडे येतात आणि मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट घालून घेतात. हक्क मिळतो व मागोमाग त्यास कुंपण पडते. असो. गृहीतकाचा तो नियम मात्र टिकला. 1 जुलै 2024 पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन नवा आला, त्यातही तो आहे.

आणि त्या मुलीस काय मिळाले? काही नाही. नवा कायदा जुन्या खटल्यास लागत नाही. ज्या मोर्चांत तिच्या नावाच्या घोषणा झाल्या, ते तिचे मोर्चे नव्हते. शहरातील सुशिक्षित स्त्रियांचे होते. मी त्यांची कृतज्ञ आहे. तरी मोर्चाचे गोडवे गाताना हा हिशेब लपविता कामा नये. ज्याच्या दुःखावरून हक्क मिळतो, त्याच्या पदरी तो पडतोच असे नाही.

येथे एका समजुतीस उत्तर दिले पाहिजे. दुसऱ्या देशांत स्त्रियांनी मोर्चे काढून हक्क मिळविले, आपल्याकडे ही परंपरा नाही, असे एका वक्त्याने सांगितले. इंग्लंडातही हाच वाद झाला होता. मिलिसेंट फॉसेट ह्यांचा पक्ष सभा व अर्ज ह्यांवर विश्वास ठेवी. एमेलिन पॅंकहर्स्ट ह्यांच्या पक्षाने काचा फोडल्या, तुरुंगवास पत्करला. 1918 मध्ये तीस वर्षांवरील काही स्त्रियांस व 1928 मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सर्व स्त्रियांस मत मिळाले, तेव्हा ते कोणामुळे, ह्याबद्दल अद्याप एकमत नाही. आपल्याकडे तर मताधिकारासाठी 1917 मध्ये मद्रासेत सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ माँटेग्यू साहेबांस भेटले, तो शुद्ध अर्जाचाच मार्ग होता. तात्पर्य काढण्याची घाई नको. प्रत्येक मार्गाचे काम निराळे असते एवढेच.

आता तिसरा दाखला, आणि तो पुन्हा चिमूरचा. डिसेंबर 2010 मध्ये, विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरास भरले असता, चंद्रपूर जिल्ह्यातील हजारो स्त्रिया चिमूरहून पायी नागपुरास निघाल्या. मागणी एकच : जिल्ह्यात दारूबंदी करा. श्रमिक एल्गार ह्या संघटनेच्या अॅडव्होकेट पारोमिता गोस्वामी त्यांच्या अग्रणी होत्या. ह्या वेळी कोणी त्यांच्या वतीने उपाशी राहिले नाही, कोणी शहरातून त्यांच्या नावे घोषणा केल्या नाहीत. मजुरी बुडवून, भाकरी बांधून घेऊन, ज्यांच्या घरात दारूचे पाप शिरले होते त्या स्वतः चालल्या. ह्यात स्त्रियांचा हक्क कोणता, असे कोणी विचारील. नवऱ्याच्या हाती पडलेली मजुरी घरी येण्याचा हक्क, रात्री मार न खाता निजण्याचा हक्क. आमच्या शाळेत फी थकविणाऱ्या मुलामुलींच्या घरची हकीकत ज्या शिक्षकांनी ऐकली आहे, त्यांस हे समजाविण्याची जरुरी नाही.

शेजारचा गडचिरोली जिल्हा 1993 पासून दारूबंदीचा आहे. तेथे डॉक्टर अभय बंग व राणी बंग ह्यांनी व गावोगावच्या लोकांनी त्यापूर्वी कित्येक वर्षे खपून ती मागणी उभी केली होती. चंद्रपूरच्या स्त्रियांचे म्हणणे असे की, नदीच्या त्या काठास जे मिळाले ते ह्या काठास का नाही? सरकारने 2011 मध्ये पालकमंत्री संजय देवतळे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 588 ग्रामपंचायतींनी बंदीच्या बाजूने ठराव केले. समितीचा अहवाल गेला, तरी निर्णय होईना. पुन्हा मोर्चे, पुन्हा सत्याग्रह. अखेर 20 जानेवारी 2015 रोजी मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, व 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चिमूरहून निघालेल्या पावलांस मंत्रालयापर्यंत पोहोचण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागला.

ती बंदी सहा वर्षे राहिली. 27 मे 2021 रोजी मंत्रिमंडळाने ती उठविली. चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, त्या धंद्यात स्त्रिया व मुलेही ओढली गेली, महसूल बुडाला, ही कारणे देण्यात आली. ती सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही. चोरटी दारू होती, हे ह्या जिल्ह्यात राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे. परंतु चोऱ्या होतात म्हणून चोरीचा कायदा कोणी रद्द करीत नाही. बंदी उठविताना त्या पायी चाललेल्या स्त्रियांस पुन्हा कोणी विचारले होते काय, हा माझा प्रश्न आहे.

येथे माझ्या मनातील एक सोपा सिद्धान्त मोडला. चिमूरच्या पहिल्या प्रसंगी परका माणूस उपाशी राहिला, देसाईगंजच्या प्रकरणी परक्या स्त्रिया चालल्या, आणि तिसऱ्या वेळी ज्यांचे दुःख त्याच चालल्या. तेव्हा तिसरे फळ सर्वांत टिकाऊ असावे, असे मी धरून चालले होते. घडले उलटे. परक्या स्त्रियांनी मिळविलेला नियम चाळीस वर्षांवर टिकून आहे, आणि आपल्या बायांनी पायांना फोड आणून मिळविलेला सहा वर्षांत गेला. ह्याचे कारण मला असे दिसते की, 1983 चा नियम पुस्तकात लिहिला गेला म्हणजे त्याचे अर्धे काम झाले. न्यायालयात उभी राहणारी एकटी स्त्रीही त्याचा आधार घेऊ शकते. दारूबंदीचे तसे नाही. ती रोज सायंकाळी, प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक वस्तीत नव्याने पाळावी लागते. चंद्रपुरात कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र, सिमेंटचे व कागदाचे कारखाने. पलीकडे यवतमाळ व नागपूर, जेथे दुकाने उघडी. मोर्चा नागपुरास जाऊन परत येतो, दारूची गाडी मात्र रोज येते. गडचिरोलीत बंदी सर्वस्वी यशस्वी झाली असे नाही. पण तेथे गावातील स्त्रियांचे गट स्वतः पहारा करतात, आणि 2016 पासून मुक्तिपथ नावाचा उपक्रम त्यांच्या पाठीशी आहे. मोर्चा संपल्यावर तेथे काम सुरू राहिले.

आता माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच लिहून घेणारा असेल तर? 1972 मध्ये ह्यास उत्तर नव्हते. ठाण्याबाहेरचा जमाव हेच उत्तर होते. आज आहे, व ते पुढीलप्रमाणे : फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा तेथील हद्दीत घडलेला नसला तरी. ठाणेदाराने नोंद नाकारली तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावा. तेथेही दाद न लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. स्त्रीवरील अशा अत्याचाराची फिर्याद नोंदवून न घेणे हाच त्या अधिकाऱ्याचा शिक्षापात्र गुन्हा आहे. जबाब स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा असा नियम आहे, आणि साक्षीसाठी स्त्रीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही; पोलिसांनी तिच्या घरी गेले पाहिजे. ह्यांपैकी फिर्याद नाकारणाऱ्यास शिक्षा हा नियम 2013 मध्ये झाला. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत एका तरुणीवर झालेल्या अत्याचारानंतर लोक हजारोंनी रस्त्यावर आले. न्यायमूर्ती वर्मा ह्यांच्या समितीने एका महिन्यात अहवाल दिला, व त्यावरून कायदा सुधारला गेला. म्हणजे आज ती मुलगी जो अर्ज करू शकते, तो अर्ज ऐकला जावा म्हणून आधी कोणीतरी मोर्चा काढलेला आहे. आमच्या प्रतिकूल बाजूस एवढे सांगितले असते तर त्यांचे मुद्दे जागच्या जागी राहूनही गुणांची बेरीज कदाचित निराळी झाली असती. पण परीक्षकास वादात बोलता येत नाही.

हे सर्व मी त्या मुलीस सांगितले. तिने ते आपल्या वहीत उतरून घेतले, आणि पोलीस अधीक्षकांचा पत्ता मागितला. तो मी फळ्याच्या शेजारी, शाळेच्या वेळापत्रकाखाली लावून ठेविला आहे.

पुढील वर्षीच्या पहिल्या वादासाठी 'चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी उठविणे योग्य होते' हा विषय ठरला आहे. दोन्ही बाजूंची नावे जुलै अखेर मजकडे द्यावीत. अनुकूल बाजूसाठी अद्याप एकच नाव आले आहे, आणि वाद होण्यास दोन्ही बाजू लागतात.